मधपेटींतील आडवें पोळें



महाबळेश्वराजवळील मांघर हें गांव २०२२ सालीं 'मधाचें गांव' म्हणून जाहीर झालें, तेव्हां घाटाखालीं महाडास माझ्यासारख्या पेन्शनरासही परसांत एक मधपेटी ठेवण्याची हौस झाली. पावसाळा उलटल्यावर सातेरी माशांची वसाहत आणवून ती कोणीशी दिलेल्या जुन्या पेटींत घातली. फाल्गुनांत जांभळी फुलल्या, आणि एके दिवशीं झांकण उचलून पाहतों तों चौकटी जागच्या हालेनात ! माशांनीं एका चौकटीवरून दुसरीवर आडवीं पोळीं बांधून सगळ्या चौकटी एकजीव करून टाकल्या होत्या. मुलांच्या वह्यांतील वांकड्या ओळी खोडण्यांत ज्याचा जन्म गेला, त्यास हें कसें पाहवावें ? मीं सुरी घेतली व सारें खरवडून काढलें. पोळ्यांबरोबर पांढरीं पिलेंही गेलीं. चवथ्या दिवशीं पेटी रिकामी ! घर विसकटलें कीं सातेरी तें सोडून जाते, हें मला तेव्हां ठाऊक नव्हतें.

माशीला ये-जा करण्यास सुमारें पाव ते तीन अष्टमांश इंच वाट पुरते. तेवढीच जागा असेल तर ती मोकळी ठेवते; अधिक असेल तर तेथें पोळें बांधते. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ नांवाच्या पाद्र्यानें १८५१ सालीं हें मर्म ओळखलें, व सुट्या चौकटींच्या आजच्या पेट्या त्याच तत्त्वावर चालतात. परंतु युरोपीय मेलिफेरा माशीच्या चौकटी मध्यापासून मध्यापर्यंत सुमारें ३५ मिलिमीटर अंतरावर असतात. सातेरी अंगानें लहान, तिला ३१-३२ मिलिमीटर बस्स होतात. माझी पेटी होती मेलिफेराची, आणि मेणपत्रेही तिचेच. त्यांवरील षट्कोन सातेरीच्या घरापेक्षां मोठे. तिनें ते पत्रे झिडकारले व मिळेल त्या फटींत आपल्या मापानें काम केलें.

शिवाय पेटी कललेली होती. माशा एकमेकींस धरून लोंबतात व पोळें ओळंब्याप्रमाणें सरळ खालीं उतरवितात. पेटी डाव्या-उजव्या अंगास कलली, कीं तें चौकटीबाहेर गेलेंच. आमच्याकडील पावसांत घडवंचीचे पाय मातींत रुततात. झांकणावर पाण्याची वाटी भरून ठेवावी, कल लगेच कळतो.

म्हणून आधीं पेटी सरळ करावी, चौकटी योग्य अंतरावर आणाव्यात, मगच सुरीस हात घालावा. दिवस उघाडीचे व फुलोऱ्याचे असावेत. भर पावसांत पेटी विसकटूं नये. धूर अगदीं थोडा द्यावा आणि राणी कोठें आहे तें प्रथम पाहावें. नवें, रिकामें पोळें मऊ असतें. तें बोटानें हळूच दाबून चौकटींत सरळ बसवितां येतें. नुसत्या मधाचें असेल तर कापून घ्यावें. पिलांचें पोळें मात्र टाकूं नये. तें कापून, वरची बाजू वरच ठेवून, रिकाम्या चौकटींत केळीच्या सोपटानें बांधावें व इतर पिलांच्या शेजारीं लावावें. कांहीं दिवसांत माशा तें मेणानें जोडून घेतात व सोपट कुरतडून टाकतात. एका वेळीं एक-दोनच पोळीं हलवावींत. खालीं सांडलेला मध व मेणाचे तुकडे तसेच ठेवूं नयेत. मुंग्या येतात, आणि दुसऱ्या वसाहतींतील माशा लूट करावयास येतात.

चौकटीच्या खालच्या कडेस मोठ्या घरांचा तुकडा दिसला व त्याच्या टोप्यांना मधोमध बारीक छिद्र असलें, तर तीं नरांचीं घरें समजावींत. थोडीं असलीं तर मी तीं राहूं देतों.

पुढल्या वर्षीं सातेरीच्या मापाची पेटी घेतली व नवी वसाहत आणली. तिच्या कोपऱ्यांत सध्यां तळहाताएवढें आडवें पोळें आहे. त्यांत पिलें आहेत. तीं बाहेर पडेपर्यंत मी तेथें हात लावणार नाहीं.