हलक्या पुस्तकांचे जड ऋण

इंदुरातील आमच्या वस्तीत पूर्वी एक लहानसे मराठी वाचनालय होते. पाच कपाटे, एक लांब मेज, भिंतीवरचे घड्याळ आणि देवघेवीची नोंदवही एवढाच त्याचा संसार. त्याच्या कार्यकारी मंडळावर आम्ही काही वर्षे होतो. एकदा नव्या पुस्तकांसाठी जागा करण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा कोपऱ्यातील कपाटाकडे बोट दाखवून "ही हलकी पुस्तके काढून टाकावीत" असा ठराव आम्हीच मांडला. त्या कपाटात बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा होत्या, सुहास शिरवळकरांच्या थरारकथा होत्या, आणि वाचून वाचून पाने सुटलेल्या कितीतरी कौटुंबिक कादंबऱ्या होत्या. ठराव एकमताने संमत झाला. दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याची हातगाडी दाराशी आली आणि कपाट रिकामे झाले.

पंधरवड्याने एक वृद्ध वर्गणीदार आले. कापड गिरणीतून निवृत्त झालेले. आम्ही सारे त्यांना नाना म्हणत असू. रिकाम्या कपाटापुढे ते काही वेळ उभे राहिले.

"झुंजारची पुस्तकं कुठं ठेवलीत?"

आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले, "नाना, आता चांगली पुस्तके येणार आहेत. खांडेकर आहेत, इनामदार आहेत."

"ते मी वाचलेत हो," नाना शांतपणे म्हणाले, "पण नातवाला सुरुवात कशानं करून देऊ?"

त्या प्रश्नाला त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते. आज आहे, ते उशिरा सुचले एवढाच आमचा अपराध नव्हे, पण तो कबूल करण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

करमणुकीचे कूळ

लोकप्रिय कादंबरी म्हणजे वाङ्मयाच्या घरात आगंतुकासारखी शिरलेली कोणी परकी बाई, अशी आपली एक समजूत असते. मराठी कादंबरीची कुळकथा पाहिली तर ही समजूत टिकत नाही. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'त (१८५७) विधवांच्या दुःखाची कळकळ होती, पण चारच वर्षांनी आलेली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) अद्भुताच्या आणि संकटमालिकेच्या बळावर वाचली गेली. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या 'मोचनगडा'ने (१८७१) इतिहास आणि साहस यांची सांगड घातली. आणि ज्या हरिभाऊ आपट्यांना आपण मराठी कादंबरीचे आद्य थोर शिल्पकार मानतो, त्यांनी १८९० साली काढलेल्या साप्ताहिकाचे नाव काय होते? 'करमणूक'! 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्याच साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होत गेली. पुढच्या अंकात यमूचे काय होणार, ही हुरहूर त्या काळच्या वाचकांनाही सोसावी लागली असेल. उत्कंठा ही काही अर्नाळकरांनी मराठीत प्रथम आणलेली वस्तू नव्हे.

चोर, चाक आणि झाड

चंद्रकांत सखाराम चव्हाण, म्हणजेच बाबुराव अर्नाळकर (१९०६–१९९६), यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही त्यांच्या नायकांची नावे एका पिढीच्या ओठांवर होती. या कथांची रचना पाहिली तर ती शिकाऊ वाचकासाठीच योजलेली वाटावी. वाक्ये आटोपशीर, संवाद भरपूर, वर्णन कामापुरते, आणि प्रकरणाचा शेवट असा की पुस्तक खाली ठेवणे अशक्य व्हावे. शब्द अडला तरी मूल थांबत नाही. अर्थाचा तर्क करीत पुढे जाते, आणि चार पानांनी तोच शब्द पुन्हा आला की तो त्याचा झालेला असतो.

महाराष्ट्राबाहेरच्या घरांना याचे मोल अधिक. आमच्याकडे मुले शाळेत हिंदी शिकतात. लिपी तीच, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण लिपी तीच असली तरी उच्चार तेच नसतात. 'चोर', 'चाक', 'जाळे', 'झाड' हे शब्द इथले मूल हिंदीच्या वळणाने वाचते. 'ळ' तर त्याच्या जिभेला परकाच असतो. हे दोष व्याकरणाच्या पुस्तकाने जात नाहीत. मोठ्याने वाचून आणि मोठ्यांकडून ऐकून जातात. आणि मूल मोठ्याने वाचायला कधी बसते? पुढे काय झाले हे जाणून घ्यायचे असेल तेव्हाच. आमच्या लहानपणी आजी डोळ्यांच्या अधूपणामुळे आमच्याकडून रहस्यकथा वाचून घेई. "चोर म्हण, हिंदीतला नको, आपला चोर म्हण," असे ती दटावी. आमचा 'च' सुधारला तो असा, चोरांच्या संगतीत!

आमच्या हिंदी शेजाऱ्यांनाही हा अनुभव नवा नाही. देवकीनंदन खत्री यांच्या 'चंद्रकांता' या तिलस्मी कादंबरीने केवढे वेड लावले होते हे सर्वश्रुत आहे. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात या कादंबऱ्यांना उच्च साहित्याच्या कोटीत बसवले नाही. पण त्या वाचता याव्यात म्हणून कितीतरी उर्दू जाणणारे हिंदी शिकले, आणि खत्रींनी जितके वाचक निर्माण केले तितके दुसऱ्या कोणी केले नाहीत, ही गोष्टही त्यांनी मोकळेपणाने नोंदवली. आम्ही मात्र आमच्या ठरावात पहिला अर्धा भागच ध्यानात घेतला होता.

अर्नाळकरांनंतरच्या पिढीला सुहास शिरवळकर (१९४८–२००३) भेटले. दारा बुलंद, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास यांच्या मागे धावत आलेले तरुण वाचक त्याच लेखकाच्या 'दुनियादारी'पाशी (१९८२) येऊन थबकले. तिथे गोळीबार नव्हता, मैत्री होती आणि मनाची पडझड होती. २०१३ साली तिच्यावर चित्रपट निघाला, तेव्हा आमच्या ओळखीच्या घरांतील मराठी न वाचणारी मुलेही ते पुस्तक शोधू लागली. रवींद्र गुर्जरांचा 'पॅपिलॉन' आणि विजय देवधरांचा 'डेझर्टर' या अनुवादांनी तर फ्रेंच तुरुंग आणि आफ्रिकेतील रणभूमी थेट आमच्या ओसरीवर आणून ठेवली.

रणांगण आणि जावई

युद्धाची कादंबरी म्हटली की आमच्या भागातील मराठी माणूस ती निव्वळ कादंबरी म्हणून वाचूच शकत नाही. माळव्यात आणि ग्वाल्हेरीकडे आपली कितीतरी घराणी आली ती मराठी फौजांच्या मागोमाग. ना. सं. इनामदारांची 'झुंज' ही यशवंतराव होळकरांवरील कादंबरी इंदुरात वाचताना परक्याची कथा वाचल्यासारखे वाटत नाही. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत शिंदे आणि पेशवे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव करणारा, आणि पुढे १८०४ साली इंग्रज सेनानी मॉन्सन याची दाणादाण उडवणारा हा पुरुष शालेय पुस्तकात दोन ओळींत आटोपतो. कादंबरीत तो घोड्यावरून खाली उतरून आपल्याशी बोलतो.

विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) आमच्या घरी रोज रात्री एक प्रकरण याप्रमाणे वाचली गेली. तेव्हा आमचे ग्वाल्हेरचे जावई मुक्कामास होते. १४ जानेवारी १७६१ च्या त्या भयंकर दिवशी मल्हारराव होळकर रणांगणातून निघून गेले, हा प्रसंग आला आणि जावईबापूंनी हळूच खाकरून दत्ताजी शिंद्यांचे नाव काढले. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडलेल्या त्या वीराची आठवण निघाल्यावर आम्हा इंदूरकरांना मान खाली घालावी लागली. पण आमच्या वडील बहिणीने मल्हाररावांची बाजू अशा आवेशाने मांडली की कढी गार झाली तरी वाद निवेना. त्या रात्री घरातली लहान मुले जागी राहून ऐकत होती. इतिहासाचे खरेखोटे कादंबरीवरून ठरवू नये, हे खरेच. परंतु खरे काय हे शोधण्याची तहान त्या मुलांना लागली ती त्याच रात्री. त्यांतील एकाने पुढे इतिहास विषय घेऊन पदवी मिळवली.

नात्यांचे शब्द

कौटुंबिक कादंबरी ही तर सर्वांत अधिक हेटाळली गेलेली. सासू, सून, गैरसमज, अश्रू आणि शेवटी दिलजमाई, असे म्हणून आम्ही पुरुष मंडळी ती बाजूला सारत आलो. पण नात्यांचे शब्द घरात टिकवले ते तिनेच. आमच्या आसपास 'आत्या'ची 'बुआ' होते, 'वहिनी'ची 'भाभी' होते, आणि बाकीच्या सगळ्याच जणी 'आंटी'. 'आई स्वयंपाक करते आहे' याऐवजी 'आई जेवण बनवून राहिली आहे' असे आपलीच मुले म्हणतात. यात शेजारभाषेचा दोष नाही. तिने आपल्याला सामावून घेतले आहे. परंतु आतेसासू, चुलतजाऊ, मावसदीर हे शब्द ज्या घरात ऐकू येत नाहीत तिथे ते कुठून कळणार? कादंबरीतच. वाळवणे, ओटीभरण, माहेरपण, पाठवणी यांच्याभोवती असलेले सारे भावविश्व त्या शब्दांच्या बोटाला धरून येते.

इंदुरात शिक्षण झालेल्या मालती जोशी (१९३४–२०२४) यांनी हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांतून घरसंसाराच्या कथा लिहिल्या, हे येथे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. दोन भाषांच्या घरात राहूनही दोन्हींचा मान राखता येतो, याचा याहून चांगला दाखला आमच्यासारख्यांना कोणता हवा?

नोंदवही काय सांगते

नानांचा प्रश्न मनातून जाईना, तेव्हा एके दिवशी आम्ही वाचनालयाच्या जुन्या नोंदवह्या काढून बसलो. एकेका वर्गणीदाराचे नाव धरून, त्याने कोणत्या क्रमाने कोणती पुस्तके नेली हे पाहू लागलो. एक मुलगा वर्षभर केवळ झुंजार नेत होता. दुसऱ्या वर्षी इनामदार, तिसऱ्या वर्षी खांडेकर, आणि पुढे विश्राम बेडेकरांची 'रणांगण'. एक गृहिणी कौटुंबिक कादंबऱ्या नेता नेता हरिभाऊंपर्यंत गेली होती. थेट वरच्या पायरीवर येऊन बसलेले वाचक अगदी थोडे. आणि कपाट रिकामे केल्यानंतरच्या वह्यांत? जुनी नावे काही वर्षे चालू होती. नवे बालवाचकाचे नाव क्वचितच दिसले. आम्ही जिन्याच्या खालच्या पायऱ्या काढून टाकल्या होत्या, आणि वर कोणी का येत नाही म्हणून माडीवर वाट पाहत बसलो होतो.

ते वाचनालय पुढे बंद पडले. आमच्या ठरावामुळेच ते बंद पडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. दूरदर्शन संच घरोघर आले, वस्ती पांगली, मुले नोकरीसाठी दूर गेली. पण आमचा वाटा त्यात आहे, हे नाकारण्याचा अप्रामाणिकपणा आमच्याने होणार नाही.

याचा अर्थ सारीच लोकप्रिय पुस्तके सारखी चांगली, असा कोणी घेऊ नये. साच्यातून काढलेल्या, भडक, निव्वळ अंगावर काटा आणण्यासाठी लिहिलेल्या कथाही त्या कपाटात होत्याच. मुलाच्या हाती काय द्यावे याचा विवेक आईवडिलांनी करायलाच हवा. पण निवड करणे वेगळे आणि सरसकट गाडीवर घालणे वेगळे. निवडीसाठी आधी वाचावे लागते. आम्ही न वाचताच निकाल दिला होता.

गेल्या वर्षी आमची नात सुट्टीत आली. इंग्रजी शाळेत शिकणारी, मराठी बोलणारी, पण मराठी पुस्तक म्हटले की डोळे फिरवणारी. आम्ही तिला उपदेश केला नाही. इंदुरातच जन्मलेल्या भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' उघडला, फुरसुंगीच्या त्या उपद्व्यापी बनेशची पहिली दहा पाने वाचून दाखवली, आणि ऐन संकटाच्या जागी पुस्तक मिटून झोपायला गेलो.

"आजोबा, पुढं काय झालं?"

"उद्या सांगू."

सकाळी उठून पाहतो तो, ती खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसली होती. अक्षरे लावीत, अडखळत, 'ळ'पाशी थांबत, पण स्वतः वाचत होती.

वाचकभगिनींनो आणि बंधूंनो, आपल्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या वरच्या फळीवर अशी काही जीर्ण पुस्तके अद्याप असतील. रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी त्यांतील एक उचला, धूळ झटका आणि रात्रीच्या जेवणानंतर त्याचे एक प्रकरण मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. मात्र दुसरे प्रकरण त्या रात्री वाचू नका. नाना आज हयात नाहीत. त्यांच्या नातवाला आम्ही देऊ शकलो नाही ते निदान आपल्या नातवंडांना तरी मिळो.