घातक कचऱ्याच्या बिलातली ट्रॅकिंग फी: आपण पैसे नक्की कशाचे देतो?



मुरबाड एमआयडीसीत पेंटिंगचं छोटं युनिट टाकणाऱ्या एका मित्राने विचारलं, "कचरा नेणाऱ्याच्या कोटेशनमध्ये वाहतूक आहे, प्रक्रियेचा दर आहे, वर मॅनिफेस्टचे वेगळे पैसे. भंगारवाला तर रिकाम्या ड्रमचे उलट मलाच पैसे देतो. मग हा खर्च कशाला?"

प्रश्न रास्त आहे. आज हाच हिशोब समजून घेऊ.

मॅनिफेस्ट म्हणजे काय?

पेंटचा गाळ, केमिकलचे रिकामे ड्रम, वापरलेलं ऑइल हे सगळं 2016 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात येतं. तो बाहेर पाठवताना फॉर्म 10 भरायचा. याच्या सात रंगांच्या सात प्रती असतात. पिवळी तुमच्याकडे राहते. माल पोचल्यावर घेणारा सही करून निळी प्रत तुम्हाला परत पाठवतो. ही निळी प्रत म्हणजेच तुमचा पुरावा. ती आली नाही, तर माल तळोज्याच्या प्रक्रिया केंद्रात पोचला की वाटेत कुठल्या ओढ्यात ओतला, हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही.

इलेक्ट्रॉनिक केल्यावर पैसे कोण भरतं?

अमेरिकेचं उदाहरण बघा. तिथे 30 जून 2018 पासून देशभर ई-मॅनिफेस्ट सुरू झालं. यंत्रणेचा खर्च फीमधूनच भागवायचा, असं ठरलंय. फी कचरा घेणाऱ्या केंद्राकडून घेतात. ऑक्टोबर 2023 पासूनच्या दोन वर्षांसाठी पूर्ण इलेक्ट्रॉनिक मॅनिफेस्टला 6 डॉलर आणि कागदाचा नुसता स्कॅन टाकला तर 20 डॉलर असा दर होता. कागदावरची माहिती कुणीतरी बसून टाईप करतं, म्हणून तो महाग.

यातून आपल्याला दोन गोष्टी कळतात. फी केंद्र भरत असलं, तरी ती आपल्या बिलात येऊ शकते. दुसरं म्हणजे ही फी किलोवर नसते, खेपेवर असते.

मग खेपा कमी करू का?

करा, पण मर्यादेत. नियमाने कचरा 90 दिवसच साठवता येतो. वर्षाला 10 टनांपर्यंत कचरा असेल, तर प्रदूषण नियंत्रण मंडळ ही मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. त्यासाठी परवानगी लागते, मनाने ठेवायचं नाही.

समजा, वर्षाला पाच खेपा आणि खेपेला सगळं धरून 3,000 रुपये. म्हणजे 15,000. वर्षाला 500 जॉब केले, तर जॉबमागे 30 रुपये. हे 30 रुपये पहिल्या दिवसापासून रेटमध्ये धरा. नंतर गिऱ्हाईकाकडून मागता येत नाहीत.

भंगारवाल्याचा ड्रम कुठे जातो?

आपल्या शहापूर तालुक्यात भातसा, तानसा धरणं. पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर. टँकर आला की दारात ड्रम लागतात. भंगारातून स्वस्तात मिळालेला तो ड्रम कुणाच्या घरी प्यायचं पाणी साठवत असेल, याचा विचार केलाय कधी?

नियम 23 प्रमाणे चुकीच्या हाताळणीमुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी कचरा काढणाऱ्यावरही येते. ड्रम विकून दोन-तीनशे रुपये मिळाले, पण जबाबदारी तुमच्याकडेच राहिली.

कोटेशन घेताना एवढं विचारा

- तुमच्याकडे या प्रकारच्या कचऱ्याचं अधिकारपत्र आहे का?
- मॅनिफेस्टचे पैसे दरात धरलेत की वेगळे?
- घेतल्याची सही असलेली प्रत किती दिवसांत मिळेल?

आणि हो, फॉर्म 3 मधली नोंद रोजच्या रोज ठेवा. वार्षिक विवरण फॉर्म 4 मध्ये 30 जूनपर्यंत द्यायचं असतं. वही नीट असेल, तर ते काम एका दुपारचं आहे.

ट्रॅकिंगचे पैसे कागदाचे नाहीत मित्रांनो. आपला कचरा कुणाच्या दारात गेला नाही, हे छातीठोकपणे सांगता येण्याचे आहेत.

भेटू पुढच्या व्हिडिओत!