वाडा पाडण्याआधी खर्चाची वही मांडा

दिवाळी उलटली की घाटावरच्या गावांत, म्हणजे बुलडाणा, चिखली, मेहकर या बाजूला, सकाळची थंडी चांगलीच बोचू लागते. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे थंडी त्या मानाने कमी, पण तिथला उन्हाळा जीव नकोसा करतो. दोन्हीकडे जुने मोठे वाडे आहेत. दोन-अडीच हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागाच्या तुळया, वर मातीचे धाबे (कुठे त्याला माळवद म्हणतात), मध्ये चौक आणि मागे गोठा. आजोबा-पणजोबांनी बांधलेल्या या वाड्यांत आज दहा-बारा माणसे राहतात आणि हिवाळ्यात आंघोळीचे पाणी, उन्हाळ्यात पंखे-कुलर आणि बारमाही चूल यांचा खर्च वाढतच जातो. "वाडा पोसणं आता आपल्या आवाक्यातलं नाही, पाडून सिमेंटचं बांधू," असा विचार बऱ्याच घरांत चालू आहे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, वाडा पाडायचा की ठेवायचा हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. परंतु निर्णय घेण्याआधी खर्च नेमका कशावर होतो ते पाहिले पाहिजे. बहुतेक ठिकाणी असे दिसते की जुना वाडा स्वतः महाग पडत नाही. त्याला मागाहून केलेली जोड महाग पडते.

मातीची भिंत काय काम करते?

जाड मातीची भिंत लवकर तापत नाही आणि लवकर थंडही होत नाही. दुपारचे ऊन भिंतीत मुरायला कित्येक तास लागतात. तोवर संध्याकाळ होते. हिवाळ्यात उलटे घडते. दिवसा भिंतीत साठलेली ऊब रात्री हळूहळू घरात उतरते. धाब्यावरचा मातीचा थरही हेच काम करतो. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांचा राजवाडा पाहायला गेलात, तर त्या जाड भिंतींच्या आडोशाला भर दुपारी उभे राहून पाहा, म्हणजे फरक अंगाला कळेल.

आता वाड्यात काय झाले? धाबे गळू लागले म्हणून अर्ध्या भागावरचे धाबे काढून टिनपत्रे टाकली. टिन उन्हाळ्यात तव्यासारखे तापते आणि हिवाळ्याच्या रात्री तितकेच झपाट्याने गार पडते. ज्या खोलीत पूर्वी एका घोंगडीवर भागत होते, तिथे आता दोन रजया लागतात, आणि मे महिन्यात त्याच खोलीत कुलर रात्रभर चालतो. याला वाड्याचा दोष म्हणता येणार नाही.

जिथे टिन आहे तिथे खालून बांबूचे तट्टे किंवा साधे छत लावून मध्ये हातभर हवेची पोकळी ठेवावी. पोकळीतली गरम हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना जाळी द्यावी. हिवाळ्यात ती जाळी पोत्याने बंद करता येते. टिनाच्या वरच्या बाजूला फेब्रुवारीअखेर चुन्याचे दोन हात द्यावेत. चुना धरून राहावा म्हणून त्यात थोडा डिंक किंवा फेविकॉल मिसळतात. पांढरा रंग ऊन परत फेकतो. हे काम घरच्या घरी होते. टिनावर पऱ्हाट्या-तुऱ्हाट्या पसरण्याची पद्धत मात्र सोडावी. एक ठिणगी पडली तर सारे घर जाते.

धाब्याची डागडुजी जपून

धाबे असेल तर पावसाळ्याआधी मे महिन्यात ते पाहून घ्यावे. दरवर्षी जुन्या मातीवर नवी माती टाकत गेल्याने धाब्याचे वजन वाढत जाते आणि पावसात भिजल्यावर ते आणखी वाढते. तुळईला वाळवी लागलेली असेल तर झडीच्या पावसात धाबे खाली येते. अशा घटनांत माणसे दगावतात. म्हणून आधी जुना निकामी थर खरवडून काढावा, मग नवा थर द्यावा. उतार पन्हळाकडे ठेवावा. तुळई वाकलेली दिसली किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर जाणत्या सुताराला दाखवल्याशिवाय त्या खोलीत कोणी झोपू नये.

मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करण्याचा मोह टाळावा. सिमेंटमुळे भिंतीतली ओल आत कोंडते, काही वर्षांत गिलावा पोपडे धरून सुटतो आणि आतली माती भुसभुशीत होते. ओली भिंत हिवाळ्यात गारही जास्त लागते. चुन्याचा किंवा माती-भुशाचा गिलावाच मातीच्या भिंतीला मानवतो.

खरा खर्च नहाणीत

वाड्यातला सर्वांत मोठा छुपा खर्च आंघोळीच्या पाण्याचा आहे. थोडा हिशेब करू. एक बादली म्हणजे 20 लिटर पाणी. ते 25 अंशांनी तापवायचे तर सुमारे 0.6 युनिट वीज लागते. घरात दहा माणसे असतील तर रोज 6 युनिट आणि महिन्याला 180 युनिट झाले, आणि तेही नुसत्या आंघोळीचे!

महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिला टप्पा 100 युनिटांपर्यंत, दुसरा 101 ते 300, पुढे 500 पर्यंत आणि त्यावर. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट असतो. पंखे, दिवे, टीव्ही, फ्रिज यांत पहिला टप्पा आधीच भरलेला असतो. म्हणजे आंघोळीचे पाणी महागड्या टप्प्यातल्या विजेवर तापते. आपले बिल काढून टप्पेवार आकडे एकदा पाहा बरे.

हीच बादली सिलिंडरवर तापवली तर साधारण 80 ग्रॅम गॅस जातो. दहा बादल्यांना 800 ग्रॅम, म्हणजे 14.2 किलोचे सिलिंडर अठरा दिवसांत संपले. उघड्या तीन दगडांच्या चुलीवर बहुतेक उष्णता वाया जाते, म्हणून एका बादलीला सव्वा ते दीड किलो कोरडे लाकूड लागते. दहा माणसांना तीन महिन्यांच्या हिवाळ्यात अकरा ते तेरा क्विंटल सरपण झाले. ते आणणारी, फोडणारी आणि धुरात बसून फुंकणारी घरची बाईच असते. तिचे खोकणे कोणत्या बिलात धरायचे?

पाणी तापवण्याचे चार मार्ग

पहिला मार्ग जुना आहे, तांब्याचा बंब. बंबात विस्तव मधल्या नळीत असतो आणि पाणी त्याच्या भोवती. त्यामुळे उघड्या चुलीपेक्षा सरपण बरेच कमी लागते. माळ्यावर पडलेला बंब कल्हई-झाळ करून पुन्हा वापरात आणावा. तो नेहमी चौकात किंवा मागच्या अंगणात पेटवावा, बंद नहाणीत नको. कोंडलेल्या खोलीत विस्तवाचा विषारी वायू साचतो आणि माणूस झोपेतल्यासारखा बेशुद्ध पडतो. हीच गोष्ट रात्री खोलीत शेगडी ठेवून झोपणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

बंबाला तुऱ्हाट्या उत्तम. पऱ्हाट्या वापरायला हरकत नाही, पण त्यांची गंजी वर्षानुवर्षे लावून ठेवू नये. पऱ्हाटीवर राहिलेल्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत दडून राहते आणि पुढच्या हंगामात शेतात पोहोचते. 2017 च्या खरिपात या अळीने विदर्भातल्या कपाशीचे काय केले ते आपण विसरलेलो नाही. पऱ्हाटीवरची बोंडे आधी झाडून नष्ट करावीत आणि गंजी पावसाळ्याआधी संपवावी. उरलेल्या पऱ्हाट्यांचा कुट्टी करून खत करावा.

दुसरा मार्ग गोबर गॅसचा. गोठ्यात चार-पाच मोठी जनावरे असतील तर रोजचे 50 किलो शेण मिळते आणि 2 घनमीटरचे संयंत्र चालते. 1 घनमीटर गोबर गॅस म्हणजे साधारण 0.45 किलो सिलिंडरच्या गॅसइतकी उष्णता. वर शेणाची मळी खत म्हणून शेतात जाते, ती वेगळीच. मात्र थंडीत गॅस कमी तयार होतो. म्हणून संयंत्र सावलीत न बांधता उन्हात बांधावे आणि हिवाळ्यात शेण कालवायला कोमट पाणी घ्यावे. गावात बंद पडलेली संयंत्रे दिसतात, ती बहुधा जनावरे विकल्यामुळे. गोठा टिकणार असेल तरच या वाटेला जावे.

तिसरा मार्ग सौर बंबाचा. 100 लिटरचा संच चार-पाच माणसांना पुरतो, दहा जणांना 200 लिटरचा लागतो. आपल्याकडे हिवाळ्यात आभाळ बहुधा निरभ्र असते, त्यामुळे हा संच चांगला चालतो. दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक, तो धाब्यावर चढवू नये. 200 लिटर पाणी म्हणजे 2 क्विंटल नुसते पाणीच झाले, सांगाडा वेगळा. नहाणीच्या स्लॅबवर किंवा अंगणात लोखंडी चौकटीवर बसवावा. दोन, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात पाण्याचे क्षार नळ्यांत बसतात. तिथे खारे पाणी थेट नळ्यांत न फिरवणारा संच मागावा.

चौथा मार्ग विजेच्या रॉडचा. तो स्वस्तात मिळतो, पण जुन्या वाड्यात सर्वांत धोक्याचा आहे. लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग, ओलसर भिंत आणि नसलेले अर्थिंग यामुळे शॉक बसतो. रॉड वापरायचाच तर आधी अर्थिंग करून घ्यावे, ईएलसीबी बसवावी आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. लोखंडी बादली तर वापरूच नये.

पंखे, दिवे आणि सौर पॅनेल

जुना पंखा सुमारे 75 वॅटचा असतो, नवा बीएलडीसी पंखा 28 ते 35 वॅटचा. बारा तास चालला तर एका पंख्यामागे रोज जवळपास अर्धा युनिट वाचतो. वाड्यात सहा पंखे असतील तर उन्हाळ्यात महिन्याला ऐंशी-नव्वद युनिटांचा फरक पडतो. 60 वॅटच्या पिवळ्या बल्बाच्या जागी 9 वॅटचा एलईडी पुरतो. घाटाखालच्या कोरड्या हवेत एसीची गरज क्वचितच भासते. कुलर खिडकीत बसवून समोरची खिडकी उघडी ठेवली तर जाड भिंतीच्या खोलीत तोच पुरेसा होतो.

छतावर सौर पॅनेल बसवण्यासाठी केंद्राची पंतप्रधान सूर्यघर योजना 2024 मध्ये सुरू झाली. तिच्यात 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार आणि 3 किलोवॅट व त्यापुढे 78 हजार रुपये अनुदान ठरवले गेले. 1 किलोवॅटपासून चांगल्या उन्हात रोज सुमारे 4 युनिट वीज मिळते. परंतु धाबे हा भार घेणार नाही. वाड्याचा एखादा भाग स्लॅबचा असेल तर तिथे जमते का, हे अर्ज करण्याआधी महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

भावाभावांत एक मीटर

वाड्याच्या खर्चातली खरी अडचण पुष्कळदा पैशापेक्षा वाटणीची असते. चार भावांच्या चार चुली आणि मीटर एकच. मग बिल महागड्या टप्प्यात जाते, "तुमचाच कुलर जास्त चालतो" म्हणून तंटा होतो आणि गळके धाबे कोणाचे यावरून ते तसेच राहते. शेवटी सर्वांच्या डोक्यावर येते. वाटण्या झाल्या असतील आणि ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर नावे वेगळी असतील, तर स्वतंत्र मीटरसाठी अर्ज करावा. धाब्याची आणि वायरिंगची डागडुजी मात्र सामाईकच ठेवावी, कारण छत कोसळले तर ते वाटणी पाहून कोसळत नाही.

आधी काय, मग काय?

पहिले काम धाबे, तुळया आणि वायरिंग सुरक्षित करण्याचे. दुसरे, टिनाखाली छत आणि वर चुना. तिसरे, बंब, गोबर गॅस किंवा सौर बंब यांपैकी आपल्या घराला जुळेल ते एक. त्यानंतर पंखे आणि सर्वांत शेवटी पॅनेल. बरेच जण शेवटचे काम आधी करतात आणि पैसा अडकून पडतो.

एका वहीत वर्षभर चार रकाने भरा: वीज, सिलिंडर, सरपण आणि डागडुजी. सरपण घरचे असले तरी त्याची मजुरी धरा. बारा महिन्यांनी बेरीज करून ती नव्या बांधकामाच्या कर्जाच्या एका वर्षाच्या हप्त्यांशेजारी मांडा. सिमेंटच्या पातळ भिंतींच्या घरात कुलर जास्त चालणार, हेही त्यात धरा. मग घरातल्या बायांसह सर्वांनी बसून वाड्याचा निर्णय घ्यावा.