दहा वर्षे चाललेली एक अबोल प्रेमकथा

पहिली नजरानजर, मग गैरसमज, मग रुसवाफुगवा आणि शेवटी लग्न. टीव्हीवरच्या प्रेमकथेचा हा ठरलेला साचा आपल्या चांगलाच परिचयाचा आहे. पण ज्यात प्रेमाची कबुली शोधूनही सापडत नाही, अशी प्रेमकथा प्रेक्षकांनी दहा वर्षे मनात जपली, असे सांगितले तर? जपानच्या फुजी टीव्ही वाहिनीवरील 'कोड ब्ल्यू' या मालिकेतील परिचारिका हारुका साएजिमा आणि डॉक्टर काझुओ फुजिकावा यांची कहाणी नेमकी अशीच आहे.

जपानी मालिकांची रीतच थोडी निराळी. आपल्याकडे मालिका रोज संध्याकाळी येते आणि वर्षानुवर्षे चालते. तिकडे ती आठवड्यातून एकदा दिसते आणि साधारण तीन महिन्यांत, दहा-अकरा भागांत संपते. 'कोड ब्ल्यू'चे पहिले पर्व २००८ च्या जुलैमध्ये सुरू झाले, दुसरे २०१० मध्ये आले आणि तिसऱ्यासाठी प्रेक्षकांना थेट २०१७ पर्यंत वाट पाहावी लागली. २०१८ मध्ये त्यावर चित्रपट निघाला आणि त्या वर्षी जपानी चित्रपटांत सर्वाधिक कमाई त्यानेच केली. एकूण गल्ला होता ९३० कोटी येन!

आकाशातून येणारा डॉक्टर

एखाद्या रुग्णाचे हृदय बंद पडले की रुग्णालयात जी तातडीची हाक दिली जाते, तिला 'कोड ब्ल्यू' म्हणतात. मालिकेतील रुग्णालय काल्पनिक असले तरी तिथली सेवा खरी आहे. १९९५ मध्ये कोबे परिसरात भीषण भूकंप झाला, तेव्हा जखमींना हेलिकॉप्टरने हलवण्याची सोय किती तोकडी आहे हे जपानला कळून चुकले. २००१ मध्ये 'डॉक्टर-हेली' सेवा रीतसर सुरू झाली आणि २००७ मध्ये तिच्यासाठी खास कायदा झाला. या सेवेचे तत्त्व सोपे आहे. रुग्ण डॉक्टरकडे पोहोचण्याची वाट पाहायची नाही, डॉक्टरनेच रुग्णाकडे जायचे. हेलिकॉप्टरमध्ये वैमानिक आणि तंत्रज्ञ यांच्याबरोबर एक डॉक्टर आणि एक परिचारिका असते. म्हणजे अपघाताच्या जागी, चिखलात आणि आरडाओरड्यात, डॉक्टरला भरवसा असतो तो फक्त शेजारच्या परिचारिकेचा.

साएजिमा अशीच परिचारिका आहे. मानामी हिगा या अभिनेत्रीने ही भूमिका केली आहे. कामात अत्यंत तरबेज, बोलायला तुटक. नव्याने आलेल्या चार शिकाऊ डॉक्टरांपेक्षा तिचा अनुभव कितीतरी मोठा आणि ते ती लपवतही नाही. जपानमध्ये डॉक्टरला शिक्षकाप्रमाणेच 'सेन्सेई' म्हणतात. साएजिमाही या नवख्यांना 'सेन्सेई' म्हणते, पण तिच्या स्वरातला तो अदृश्य चिमटा प्रेक्षकांना बरोबर ऐकू येतो. जपानी भाषेत परिचारिकेसाठी पूर्वी जो शब्द होता, त्यात 'स्त्री' हा अर्थच गोवलेला होता. २००२ मध्ये तो कायद्याने बदलून स्त्री-पुरुष दोघांसाठी एकच शब्द आला. त्यानंतर सहा वर्षांनी पडद्यावर आलेली साएजिमा ही डॉक्टरांच्या मागे ट्रे घेऊन उभी राहणारी बाई नाही.

आणि फुजिकावा? चष्मा लावणारा, बडबड्या, थोडासा भित्रा. योसुके आसारी या अभिनेत्याने त्याला हसवता हसवता जिवंत केले आहे. चौघांपैकी हेलिकॉप्टरमधून जाण्याची संधी सर्वांत शेवटी मिळते ती यालाच. तो नायक शोभत नाही, मालिकेचा नायकही नाही. हीच या कथेची गंमत आहे.

पहिले प्रेम संपत नाही

साएजिमाच्या आयुष्यात आधीच एक पुरुष आहे. सातोशी ताझावा स्वतः डॉक्टर होता. त्याला एएलएस हा आजार होतो. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना होता तोच. या आजारात स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. हात-पाय, वाचा, गिळणे आणि अखेर श्वास, एकेक दार बंद होत जाते. मन मात्र बहुतेक वेळा शाबूत राहते आणि सारे पाहत असते.

रात्रंदिवस अनोळखी माणसांचे प्राण वाचवणारी साएजिमा आपल्याच माणसासाठी काही करू शकत नाही. तिला त्याच्याबद्दल प्रेम आहे, पण थकवाही आहे आणि थकल्याचा अपराधही. दीर्घ आजारी माणसाची सेवा ज्यांनी घरात केली आहे, त्यांना ही घालमेल वेगळी समजावून सांगायला नको. दुसऱ्या पर्वात सातोशीचा मृत्यू होतो.

इथे दुसऱ्या एखाद्या मालिकेने काय केले असते? दोन-चार भागांत नवा नायक पुढे आला असता, त्याने तिचे अश्रू पुसले असते आणि पार्श्वसंगीत सुरू झाले असते. इथे तसे घडत नाही. फुजिकावा तिच्या आसपास राहतो, एवढेच. तिचा चेहरा उतरला की त्याच्या लक्षात येते. कधी तो काही विनोद करतो आणि तो फसतो. सातोशीची जागा घेण्याची त्याला घाई नाही, कारण ती जागा रिकामी नाही हे त्याला ठाऊक आहे. दुःखाला जेवढा वेळ हवा, तेवढा तो देतो.

न दाखवलेली वर्षे

मग येते २०१७ चे तिसरे पर्व आणि प्रेक्षक चकित होतात. साएजिमा आणि फुजिकावा एकत्र राहू लागलेले आहेत! पहिल्यांदा कोण बोलले, तिने होकार केव्हा दिला, काहीच दाखवलेले नाही. मधल्या सात वर्षांत, आपल्या नकळत, ते घडून गेले. काही जणांना ही फसवणूक वाटेल. विशेषतः हे पर्व सोमवारी रात्री नऊच्या वेळेवर आले होते आणि जपानमध्ये ही वेळ १९९० च्या दशकापासून प्रेमकथांसाठी प्रसिद्ध आहे. तरीही ही उडी खटकत नाही. कारण शेजारीपाजारी, नात्यागोत्यात आपण पाहिलेली किती तरी प्रेमे अशीच तर उमलतात. आपल्याला कळते तेव्हा ती जुनी झालेली असतात.

मालिकेतील मुख्य जोडी म्हणजे तोमोहिसा यामाशिता आणि युई आरागाकी यांनी साकारलेले डॉक्टर आइझावा आणि शिराइशी. यांच्यात प्रेम जुळावे म्हणून कित्येक चाहते आस लावून बसले होते. ते शेवटपर्यंत जिवाभावाचे सहकारीच राहिले. प्रेमाचा मान मिळाला तो मागच्या रांगेतल्या जोडप्याला.

पण या जोडप्याला सुख सहजी लाभत नाही. साएजिमाला दिवस जातात आणि मूल जन्माला येण्याआधीच हातचे जाते. दोघांचे काम जीव वाचवण्याचे. तरी घरातला हा जीव त्यांना वाचवता आला नाही. अशा वेळी किती संसारांत दोषाचे माप आधी बाईच्या पदरात पडते! इथे दोघे एकमेकांसमोर थांबतात, चाचपडतात आणि पुन्हा कामावर जातात. पर्वाच्या शेवटी भुयारी रेल्वेच्या मार्गात छत कोसळते आणि फुजिकावा ढिगाऱ्याखाली अडकतो, तेव्हा आपला जीव थाऱ्यावर राहत नाही. ज्या बाईने एक माणूस गमावला, तिच्यावर पुन्हा तीच वेळ यावी?

तो वाचतो. पुढे चित्रपटात या दोघांच्या लग्नाचा विषय येतो. आता मुलासाठी लग्न करण्याचे कारण उरलेले नाही. उरले आहे ते एकमेकांसाठीचे कारण.

संथ आचेची गोडी

पती किंवा प्रियकर गमावलेल्या स्त्रीने पुन्हा संसार मांडला, तर 'इतक्या लवकर विसरली?' असे विचारणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतात. आणि मांडला नाही, तर 'किती दिवस कुढत बसणार?' असे म्हणणारेही तेच असतात. साएजिमा दोन्ही प्रश्नांच्या वाटेला जात नाही. तिने सातोशीला विसरावे अशी अट फुजिकावाने कधी घातली नाही आणि म्हणूनच तिला पुढे पाऊल टाकता आले.

दूध मंद आचेवर आटवले की त्याची बासुंदी होते, आच वाढवली तर ते तळाशी लागते. या दोघांनी आच कधी वाढवली नाही. पाणीदार डोळ्यांचा, देखणा, सर्वांत हुशार डॉक्टर ज्या मालिकेत आहे, तिथे प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिला तो चष्मेवाला फुजिकावा. त्याचे कर्तृत्व एकच. तिच्या वाईट दिवसांत तो तिथून हलला नाही.