परसोजी भोसल्यांचा मृत्यु व इंग्रजांची चौकशी

आप्पासाहेब भोसल्यांनीं आपले चुलतबंधु परसोजी यांचा खून करविला, हा आरोप नागपूरच्या इतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत आढळतो. तो खरा कीं खोटा याचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. आरोप केव्हां पुढें आला, एवढेंच आम्ही पाहणार आहों. कारण मित्रराज्याच्या अपराधाचा जाब त्याचा बलाढ्य मित्र केव्हां विचारतो, हें या तारखांवरून कळतें.

दुसरे रघूजी २२ मार्च १८१६ रोजीं वारले. परसोजी अंध व शरीरानें विकल असल्यामुळें कारभार कोणीं पाहावा याचा तंटा लागला. बांकाबाईंच्या पक्षाचा धर्माजी भोसले आप्पासाहेबांच्या कैदेंत पडला व कैदेंतच मारला गेला. २७ मे रोजीं रात्रीं तैनाती फौजेचा तह झाला; फौजेच्या खर्चाबद्दल सालीना साडेसात लाख रुपये ठरले. कौटिल्याच्या षाड्गुण्यांतील ‘संश्रया’शीं या तहाचें बरेंच साम्य आहे. आपण कोणाशीं तह करीत आहों, हें रेसिडेंट जेन्किन्स यास ठाऊक नसेल असें आम्हांस वाटत नाहीं.

१ फेब्रुवारी १८१७ रोजीं सकाळीं परसोजी अंथरुणांत मृत आढळले. आप्पासाहेब त्या वेळीं चांद्यास होते. शहरांत कुजबुज झाली. परंतु पुरावा नाहीं म्हणून रेसिडेंटानें नव्या राजास मान्यता दिली.

कंपनीपाशीं यास सबब होती. निजामाशीं १८०० सालीं व पेशव्यांशीं १८०२ सालीं वसईस झालेल्या तहांत असें कलम आहे कीं, त्या त्या अधिपतीचीं मुलें, आप्त, आश्रित, प्रजा व चाकर यांच्याशीं कंपनीचा कांहीं संबंध नाहीं. त्यांजवर धनी सर्वस्वी मुखत्यार. म्हणजे राजाच्या पाठीशीं फौज कंपनीची, आणि त्या राजाच्या हातून घरांत वा प्रजेंत अन्याय झाल्यास कंपनी तिऱ्हाईत!

पण कंपनीस मित्राकडून जाब घेतां येत नव्हता असें नाहीं. जुलै १८१५ मध्यें पंढरपुरास गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला, तेव्हां एल्फिन्स्टननें बाजीरावाकडे त्रिंबकजी डेंगळ्यास मागितलें व त्याच सालीं त्यास ठाण्याच्या किल्ल्यांत कोंडलें. बाजीराव त्या वेळीं नागपूरकरांप्रमाणेंच मित्र होते. फरक इतकाच कीं, शास्त्री गायकवाडांचे वकील म्हणून इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले होते. परसोजींस तसली हमी कोणाचीच नव्हती. ते राजे होते, इतकेंच.

पुढें २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं सीताबर्डीची लढाई झाली आणि १६ डिसेंबरास आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले. येथें वाचकांनीं थोडें थांबावें. लढाई करून तह मोडणाऱ्या या राजास ६ जानेवारी १८१८ च्या करारानें पुन्हां गादीवर राहूं दिलें. त्याच्याकडून मुलूख घेतला, सीताबर्डीच्या टेकडीवर तटबंदी करण्याचा हक्क घेतला. परसोजींच्या मृत्यूचा खुलासा मागितला नाहीं. बाजीरावाशीं संधान चालूं आहे असें दिसल्यावर १५ मार्चास आप्पासाहेबांस कैद झाली, आणि त्यानंतर खुनाचा पुरावा पुढें आला. प्रसंगास वर्ष उलटून गेलें होतें. साक्षी घेणारे आतां राज्याची नवी व्यवस्था लावणारेच होते, आणि आरोपीस उघड चौकशींत उत्तर देण्याचा प्रसंग आलाच नाहीं; अलाहाबादेकडे नेत असतां १३ मे रोजीं तो निसटला. २६ जून रोजीं अल्पवयी तिसऱ्या रघूजीस गादीवर बसविण्यांत आलें आणि कारभार जेन्किन्सच्या हातीं गेला.

यावरून आप्पासाहेब निर्दोष ठरत नाहींत. तसें कोणीं समजूं नये. संशय पहिल्यापासून होता व तो निराधार म्हणवत नाहीं. पण फेब्रुवारी १८१७ मध्यें, दासदासी व पहारेकरी वाड्यांत असतां, जी विचारपूस निर्वेधपणें झाली असती, ती मैत्री मोडेपर्यंत लांबली. परसोजींस न्याय मिळण्याची संधि त्याच महिन्यांत गेली, असें आमचें मत आहे.

आप्पासाहेब फिरत फिरत १८२९ मध्यें जोधपुरास मानसिंगांच्या आश्रयास गेले. मानसिंगही १८१८ पासून कंपनीचे तहबंद मित्र होते. कंपनीनें पाहुण्यास मागितलें. मानसिंगांनीं शरणागतास देण्याचें नाकारलें. शेवटीं त्यांनीं आप्पासाहेबांच्या वर्तनाची जबाबदारी पत्करली आणि तेवढ्यावर कंपनीनें समाधान मानलें. आप्पासाहेब १८४० सालीं जोधपुरासच वारले.