आजोबांची मॉडिफाय केलेली फियाट विकायची आहे? आधी रंग नको, यादी करा

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलतो तसंच ठेवलंय, फक्त थोडं नीट करून.

आजचा विषय आहे जुनी, रिस्टोअर न केलेली, पण कुणीतरी हौसेने मॉडिफाय केलेली गाडी कशी विकायची. स्पोर्ट्स कार म्हटलं की डोळ्यासमोर परदेशी लाल गाडी येते. आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन सीटची, फायबरच्या बॉडीची स्पोर्ट्स कार बनली होती, पण ती जळगाव-धुळ्याच्या रस्त्यावर दिसणं अवघडच. आपल्या भागातली ‘स्पोर्ट्स’ गाडी म्हणजे बहुतेक वेळा फियाट. प्रीमियर कंपनीने मुंबईत कुर्ल्याला बनवलेली, १०८९ सीसी पेट्रोल इंजिनची, स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेली. १९७४ पासून तिचं नाव ‘पद्मिनी’ झालं, पण आपले लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. चेन्नईजवळच्या शोलावरम ट्रॅकवर याच गाड्या रेसला पळायच्या. मग गावोगावच्या हौशी लोकांनीही अलॉय व्हील, दोन कार्बोरेटर, खाली बसवलेलं सस्पेन्शन, फ्लोअर गिअर असे प्रयोग केले. काहींनी तर अख्खं इंजिनच बदललं.

आता ती गाडी वाड्यात, कडुलिंबाखाली उभी आहे. आजोबा गेले. भंगारवाला वजनावर भाव सांगतोय आणि पुण्याचा एक भाऊ फोटो मागतोय. करायचं काय?

पहिली गोष्ट: रंग मारू नका

घरात पहिला सल्ला हाच येतो, “अरे, आधी डेंटिंग-पेंटिंग करून घे, भाव वाढेल.” थांबा जरा. फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हाच सांगाडा. म्हणजे फरशीचा किंवा दाराखालचा पत्रा सडला तर गाडीचा कणाच कमजोर होतो. त्यामुळे जाणकार खरेदीदाराला चकाचक रंग नको असतो, त्याला रंगाखाली काय आहे ते बघायचं असतं. नवीन रंग दिसला की तो खिशातून लोहचुंबक काढतो. चुंबक चिकटलं नाही की समजायचं, पत्र्याऐवजी पुटी आहे.

आणि इथे खान्देशचं ऊन आपल्या कामी येतं. मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या कोरड्या हवेत डॅशबोर्ड तडकतो, रबर वाळतं, रंग उडतो. पण पत्रा मुंबई-कोकणातल्या खाऱ्या दमट हवेपेक्षा बराच चांगला टिकतो. उडालेला रंग पुन्हा मारता येतो, सडलेला सांगाडा दुरुस्त करणं फार अवघड. म्हणजे जी गाडी आपल्याला भिकार दिसते, तिचाच पत्रा तिची खरी कमाई असू शकते. ती पुटीखाली का लपवायची? गाडी धुवा, घुशींनी वायर कुरतडल्यात का बघा, आणि खालून, बाजूने, बॉनेट उघडून उजेडात फोटो काढा. बस.

दुसरी गोष्ट: बदलांचे दोन कप्पे करा

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे चेंजलॉगसारखं दिसतं. काय बदललं, कधी बदललं आणि ते परत फिरवता येतं का, एवढं लिहायचं.

परत फिरणारे बदल म्हणजे चाकं, सीट, स्टिअरिंग, कार्बोरेटर, हॉर्न, लाइट. यातला मूळ पार्ट माळ्यावर सापडला तर सोन्याहून पिवळं. गाडीबरोबर तोही द्या.

परत न फिरणारे किंवा फार महागात पडणारे बदल म्हणजे फ्लोअर गिअरसाठी फरशीला पाडलेलं भोक, कापलेलं छत, वेल्डिंग केलेले माउंटिंग आणि दुसऱ्या गाडीचं इंजिन.

जळगावच्या सराफ बाजारात जुना दागिना मोडायला नेला की सराफ घट धरतो. घट किती ते आधी कळलं तर व्यवहार शांतपणे होतो, नंतर कळलं तर भांडण. गाडीचंही तसंच आहे. बदल स्वतःहून सांगितले तर भाव थोडा कमी येईल, पण ठरलेला भाव शेवटच्या मिनिटाला तुटणार नाही.

तिसरी गोष्ट: इंजिन आणि आरसी जुळतात का?

खरी गोम इथेच आहे. इंजिन नंबर, चासी नंबर, रंग आणि इंधन हे सगळं आरसी बुकशी जुळवून बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदललं तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद झाली.

“पण भाऊ, ही तर व्हिंटेज आहे!” असं म्हणायच्या आधी नियम बघा. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असलेली गाडी. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झाला असेल तर ती त्यात बसत नाही. नवीन व्हिंटेज नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. सुरुवातीच्या पद्मिनी आत्ता कुठे पन्नाशी ओलांडतायत. म्हणजे मूळ इंजिन गोठ्यात पडलं असेल तर ते भंगारात अजिबात देऊ नका!

चौथी गोष्ट: नाव बदलल्याशिवाय किल्ली देऊ नका

गाडी आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१. कायद्याप्रमाणे मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशीर झाला असेल तर एमएच-१९ म्हणजे जळगाव, एमएच-१८ म्हणजे धुळे, जिथली नोंदणी असेल तिथे जाऊन काय भरायचं ते विचारा. हाताने लिहिलेलं जुनं आरसी बुक ‘वाहन’ पोर्टलवर दिसतंय का, तेही तिथेच तपासा. नसेल तर बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. नोंदणीची मुदत संपली असेल तर नूतनीकरण आणि पर्यावरण कर किती लागेल तेही आत्ताच विचारून ठेवा.

मग विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. खरेदीदार दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतला असेल तर फॉर्म २८, म्हणजे एनओसी.

“पैसे मिळाले, स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं, संपला विषय” असं बरेच जण समजतात. नाही संपत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असं प्रकरण आलं होतं, ज्यात गाडी हातोहात विकली गेली, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. मध्येच अपघात झाला. न्यायालयाने भरपाईसाठी नोंदणीवरच्या मालकालाच जबाबदार धरलं. म्हणजे गाडी पुण्यात ठोकली जाईल आणि नोटीस येईल पारोळ्याला, तुमच्या आईच्या नावाने. त्यामुळे शेवटचा हप्ता नाव बदलल्यावर घ्या, आणि तोवर गाडी दारातच राहू द्या.

मग भाव किती सांगायचा?

यादी हातात आली की भाव आपोआप उलगडतो. सगळ्यात खाली भंगाराचा भाव. त्याच्या वर सुट्या पार्टचा, कारण क्रोमचे बंपर आणि मूळ मीटर शोधणारे लोक आहेत. त्याच्या वर कागद पूर्ण असलेल्या चालू गाडीचा. तुमची गाडी कुठल्या पायरीवर आहे ते रंगापेक्षा कागद आणि पत्रा ठरवतात. गाडी चालू असेल आणि विमाही चालू असेल, तर खरेदीदाराला शेजारी बसवून धुळ्याजवळचा लळिंग घाट चढून दाखवा. इंजिन तापतं की नाही, ते तिथे दोघांनाही कळेल.

एवढं करून वाटलं की विकायचीच नाही, तरी काही बिघडत नाही. यादी आणि कागद तर झालेच ना.

तुमच्या वाड्यात अशी कुठली गाडी उभी असेल तर हा भाग घरच्या मोठ्यांनाही ऐकवा, विशेषतः ज्यांच्याकडे आरसी बुक आहे त्यांना. भेटू पुढच्या भागात. चला, येतो!