हौशी रेडिओ बोर्डवरील क्षीण जीपीएस ग्रहण

सूक्ष्मनियंत्रक, रेडिओ प्रेषक आणि जीपीएस ग्राही हे तिन्ही एकाच छोट्या सर्किट बोर्डवर असताना त्या ग्राहीला उपग्रहांचे संदेश पुरेशा स्पष्टपणे न मिळणे, म्हणजे हौशी रेडिओ बोर्डवरील क्षीण जीपीएस ग्रहण होय. असे बोर्ड हौशी रेडिओचालक, विद्यार्थी आणि गिर्यारोहक मोठ्या प्रमाणावर वापरतात. लिलीगो कंपनीचा टी-बीम हा त्यांतील परिचित बोर्ड आहे. त्यावर ईएसपी३२ हा सूक्ष्मनियंत्रक, लोरा पद्धतीचा रेडिओ आणि यू-ब्लॉक्स कंपनीचा निओ-६एम किंवा त्यापुढील जीपीएस ग्राही असतो, तर मागील बाजूस १८६५० आकाराच्या लिथियम घटाची खोबण असते. मोबाइलचे जाळे नसलेल्या ठिकाणी आपले स्थान सोबत्यांना कळवणे, हा अशा बोर्डांचा एक प्रमुख उपयोग आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या मेशटॅस्टिक या मुक्त प्रकल्पामुळे तो अधिक रूढ झाला.

स्थान मिळत नाही असे दिसताच ग्राही सदोष ठरवून नवा मागवण्याकडे कल असतो. प्रत्यक्षात ग्राही निकामी असण्याची उदाहरणे कमी आढळतात. दोष बहुधा अँटेनाच्या मांडणीत, बोर्डने स्वतः निर्माण केलेल्या विद्युत गोंगाटात किंवा वापरणाऱ्याच्या उतावळेपणात असतो.

संदेश किती क्षीण असतो

जीपीएस उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा नागरी वापराचा मूळ संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर येतो. मोकळ्या आकाशाखाली जमिनीवर मिळणारी त्याची किमान विहित शक्ती उणे १२८.५ डीबीएम आहे. एका वॅटचे दहा हजार लाख कोटी भाग केले, तर त्यांतील एक-दीड भागाइतकीच ही शक्ती भरते. ग्राहीच्या सुमारे २ मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात नुसत्या उष्णतेमुळे निर्माण होणारा रव उणे १११ डीबीएमच्या आसपास असतो. म्हणजे संदेश मुळातच रवाच्या पन्नासाव्या हिश्श्याहून कमी असतो.

तरीही तो सापडतो, कारण प्रत्येक उपग्रह १०२३ घटकांची एक ठरावीक सांकेतिक माला दर मिलिसेकंदाला पुन्हा पुन्हा प्रक्षेपित करतो आणि ती माला ग्राहीला आधीपासून ठाऊक असते. जत्रेच्या कल्लोळात ओळखीचा माणूस एकच शब्द घोकत असेल, तर तो हळू आवाजातही कानाला ओळखू येतो, तसाच हा प्रकार आहे. मात्र या युक्तीलाही मर्यादा आहे. संदेश आणखी ३ डेसिबलने घटला की त्याची शक्ती निम्मी होते, ६ डेसिबलने घटला की पाव उरते. घरातील काँक्रीटचे छत, पत्र्याची पडवी किंवा ओल्या पानांची दाट झाडी याहून कितीतरी अधिक घट सहज घडवून आणते.

उपग्रह दिसतात, पण स्थान मिळत नाही

नवख्यांना सर्वाधिक गोंधळात टाकणारी अवस्था ही असते. पडद्यावर पाच-सहा उपग्रहांची नोंद दिसते, तरी तासभर थांबूनही अक्षांश-रेखांश उमटत नाहीत. याचे कारण संदेशाच्या रचनेत आहे. उपग्रहाची माला ओळखणे ही पहिली पायरी झाली. स्थान काढण्यासाठी त्या उपग्रहाची नेमकी कक्षा आणि त्याच्या घड्याळाची दुरुस्ती कळावी लागते. ही माहिती सेकंदाला अवघे ५० बिट इतक्या संथ गतीने येते. एक पूर्ण चौकट १५०० बिटांची, म्हणजे ३० सेकंदांची असते आणि कक्षेची माहिती तिच्या पहिल्या १८ सेकंदांत असते. या काळात संदेश मध्येच बुडाला, तर हुकलेला भाग मिळण्यासाठी पुढच्या चौकटीची वाट पाहावी लागते.

माला ओळखण्यास पुरेसा असलेला संदेश बिट वाचण्यास पुरेसा असतोच असे नाही. निओ-६एमच्या तांत्रिक माहितीपत्रकात ही तफावत स्पष्ट दिसते. एकदा पकडलेल्या उपग्रहाचा मागोवा हा ग्राही उणे १६१ डीबीएमपर्यंत घेऊ शकतो, परंतु कोणतीही पूर्वमाहिती नसताना शून्यापासून सुरुवात करण्यासाठी त्याला उणे १४७ डीबीएम इतका संदेश लागतो. हे अंतर १४ डेसिबलचे, म्हणजे सुमारे पंचवीस पटींचे आहे. अंगणात सुरू केलेला बोर्ड घरात आणल्यावरही काही काळ स्थान दाखवत राहतो आणि घरात सुरू केलेला तोच बोर्ड मात्र ढिम्म राहतो, याचे रहस्य यातच आहे. म्हणून बंद खोलीत घेतलेल्या पहिल्या चाचणीवरून बोर्डबद्दल कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. पहिली चाचणी गच्चीवर किंवा मैदानात, बोर्ड न हलवता, किमान १५ मिनिटे घ्यावी लागते. सर्व उपग्रहांच्या स्थूल कक्षांचे पंचांग पूर्ण उतरून यायलाच साडेबारा मिनिटे लागतात.

कक्षेची माहिती साधारण चार तास उपयोगी राहते. ग्राहीच्या स्मृतीला आधार देणारा छोटा घट किंवा संधारक शाबूत असेल, तर या अवधीत पुन्हा सुरू केलेला ग्राही काही सेकंदांत स्थान देतो. दर वेळी नव्याने अर्धा-एक मिनिट लागत असेल, तर हा आधार निकामी झाल्याची शंका घेण्यास जागा असते.

अँटेनाची मांडणी

या बोर्डांबरोबर सहसा चौकोनी चिनीमातीची, म्हणजे सिरॅमिक पॅच प्रकारची अँटेना येते. तिच्या एका पृष्ठावर चांदीचा चौकोनी मुलामा आणि मध्याजवळ जोडणीचा ठिपका असतो. हेच पृष्ठ आकाशाकडे असावे लागते. अँटेना उलटी चिकटवणे ही हास्यास्पद वाटणारी, पण वारंवार घडणारी चूक आहे. बोर्ड पेटीत उभा बसवला की अँटेनाचे तोंड क्षितिजाकडे होते आणि निम्मे आकाश तिच्या पाठीमागे जाते.

पॅच अँटेनाला खाली धातूचा सपाट पृष्ठभाग, म्हणजे ग्राउंड प्लेन, लागतो. तो लहान असेल तर तिची अनुनादी वारंवारता सरकते आणि लाभ घटतो. अँटेना मुळातच अरुंद पट्ट्याची असल्याने काही मेगाहर्ट्झची सरकही महागात पडते. प्लॅस्टिकचे झाकण अँटेनाला टेकले तरी हीच सरक होते, म्हणून मध्ये काही मिलिमीटर पोकळी ठेवतात. धातूच्या भुकटीचा रंग आणि कार्बनचे तंतू मिसळलेले प्लॅस्टिक पूर्णपणे टाळावे लागते. सौर ऊर्जेवरच्या पेट्यांत सौर पट्टी वरच्या बाजूस आणि जीपीएस अँटेना तिच्या खाली, अशी मांडणी आढळते. पेटी नीटनेटकी दिसते, परंतु त्या पट्टीतील धातू अँटेनाचे आकाश झाकून टाकतो.

उपग्रहांच्या लहरी उजव्या वर्तुळाकार ध्रुवणाच्या असतात. भिंतीवर आपटून परतताना हे ध्रुवण बहुतांशी डावे होते. चांगली पॅच अँटेना अशा परावर्तित लहरी बऱ्याच अंशी नाकारते. साध्या तारेच्या अँटेनात हा गुण नसतो, त्यामुळे इमारतींच्या गर्दीत ती स्थान दाखवते खरे, पण भलतेच.

केबलच्या टोकाची यू.एफएल. नावाची चिमुकली जोडणी हा आणखी एक कच्चा दुवा आहे. तिच्या उत्पादकाने ती सुमारे ३० वेळा काढघाल करण्याइतकीच टिकाऊ ठरवली आहे. ती बसताना टिचकीसारखा बारीक आवाज यावा लागतो. नुसती टेकलेली जोडणी थोडासा संदेश पोचवते आणि त्यामुळे शोध अधिकच चुकीच्या दिशेने जातो.

बाहेरची, प्रवर्धक असलेली सक्रिय अँटेना जोडणे हा बहुधा परिणामकारक उपाय ठरतो. ग्रहणसाखळीतील एकूण रव मुख्यतः पहिल्या टप्प्यावर ठरतो, हे सूत्र हॅराल्ड फ्रिस यांनी १९४४ मध्ये मांडले. प्रवर्धक केबलच्या बोर्डकडील टोकाला नव्हे, तर अँटेनापाशीच का हवा, हे त्यावरून उलगडते. बारीक आरजी-१७४ केबल या वारंवारतेला मीटरमागे एक डेसिबलहून अधिक संदेश गिळते. बोर्ड केबलमधून प्रवर्धकाला वीज पुरवतो की नाही, हे मात्र आधी पाहावे लागते. वीज नसलेली सक्रिय अँटेना ही अँटेना नसल्यासारखीच असते.

बोर्डचाच गोंगाट

याच बोर्डवरील लोरा प्रेषक १०० मिलिवॅटपर्यंत शक्ती सोडू शकतो. ती उपग्रहाच्या संदेशाहून सुमारे १४८ डेसिबलने अधिक असते. भारतात अशा उपकरणांसाठी खुला असलेला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आणि त्याची दुप्पट वारंवारता, दोन्ही जीपीएसच्या वारंवारतेपासून दूर आहेत. त्यामुळे थेट आघात होत नाही. पण ग्राहीच्या प्रवेशद्वाराशी पुरेशी गाळणी नसेल, तर प्रक्षेपण चालू असेपर्यंत तो बधिर होतो. लोराच्या सर्वांत संथ मांडणीत एक संदेश एक ते तीन सेकंद हवेत राहतो. वारंवार प्रक्षेपण करणाऱ्या ट्रॅकरमध्ये १८ सेकंदांचे अखंड श्रवण त्यामुळे खंडित होऊ शकते. स्थान मिळेपर्यंत प्रक्षेपण रोखून धरणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

प्रेषकापेक्षा अधिक त्रासदायक ठरतात ते सदैव चालू असणारे घटक. सूक्ष्मनियंत्रकाची घड्याळी स्पंदने, वाय-फाय, छोट्या पडद्यातील आणि वीजपुरवठ्यातील विद्युतदाब बदलणारी परिपथे हे सर्व रुंद पट्ट्यात रव पसरवतात. पडदा सोयीसाठी नेमका जीपीएस अँटेनाच्या शेजारी बसवला जातो. अँटेना ५ ते १० सेंटिमीटर दूर नेताच ग्रहण सुधारले, तर दोष गोंगाटाचा होता असे खुशाल समजावे.

निदान

ग्राही आपली माहिती एनएमईए ०१८३ या प्रमाणित स्वरूपाच्या ओळींत देतो. त्यांतील जीएसव्ही नावाच्या ओळीत प्रत्येक उपग्रहाचा क्रमांक, क्षितिजापासूनची उंची, दिशा आणि संदेशाचे वाहक-रव गुणोत्तर डीबी-हर्ट्झमध्ये असते. स्थान मिळाले की नाही एवढेच पाहण्यापेक्षा हे आकडे पाहणे कितीतरी उद्बोधक असते. मोकळ्या आकाशाखाली डोक्यावरच्या उपग्रहांचे आकडे ४० ते ५० दरम्यान असावेत. तीसच्या आत सगळे असतील तर ग्रहण क्षीण आहे, आणि २५ च्या खाली कक्षेची माहिती वाचणेच दुरापास्त होते.

आकड्यांच्या घसरणीची तऱ्हा दोष कोठे आहे ते सांगते. एकाच दिशेचे उपग्रह कमी असतील, तर त्या बाजूला इमारत, डोंगर किंवा स्वतःचे शरीर आडवे आले आहे. पडदा किंवा वाय-फाय सुरू करताच सर्व उपग्रह एकदम पाच-सहा डेसिबलने घसरत असतील, तर तो बोर्डचा गोंगाट आहे. सर्व उपग्रह सर्व ठिकाणी, काहीही चालू-बंद केले तरी सारखेच क्षीण राहत असतील, तर अँटेना, तिची जोडणी किंवा तिचा वीजपुरवठा तपासावा. एकही ओळ येत नसेल, तर प्रश्न ग्रहणाचा नाहीच. टी-बीमच्या जुन्या आणि नव्या आवृत्तींत ग्राहीला जोडलेल्या सिरियल पिना वेगवेगळ्या आहेत. १.० आणि १.१ या आवृत्तींत ग्राहीची वीज एएक्सपी१९२ या ऊर्जानियंत्रकातून मिळते आणि ती प्रणालीने सुरू करावी लागते. चुकीच्या आवृत्तीसाठीची प्रणाली भरलेला बोर्ड त्यामुळे मुका राहतो.

आकाश आणि आयनांबर

काही वेळा बोर्ड निर्दोष असतो आणि आकाशच अपुरे असते. सह्याद्रीतील सांदण दरीसारख्या अरुंद घळीत डोक्यावरचे दोन-तीन उपग्रह उत्तम आकडे दाखवतात, पण स्थानासाठी चार लागतात; शिवाय ते सर्व एकाच बाजूला एकवटलेले असल्याने मिळालेले स्थानही ढोबळ असते. अनेक देशांच्या उपग्रहप्रणाली एकत्र वापरणारे निओ-एम८ सारखे ग्राही येथे खरोखर उपयोगी पडतात. केवळ जीपीएस वापरणाऱ्या निओ-६एमवर त्यांचा लाभ मिळत नाही. भारताच्या नाविक प्रणालीचा १५७५.४२ मेगाहर्ट्झवरील संदेश २९ मे २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून सुरू झाला. त्यापूर्वीचे नाविक उपग्रह अन्य वारंवारता वापरत असल्याने हे साधे ग्राही ते ऐकू शकत नाहीत.

चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. त्यामुळे देशाच्या मोठ्या भागावर सूर्यास्तापासून मध्यरात्रीपर्यंत आयनांबरात अनियमितता निर्माण होतात आणि उपग्रहांचे संदेश लुकलुकू लागतात. सौर डाग अधिक असलेल्या वर्षांत, विषुवदिनांच्या आसपासच्या महिन्यांत हे प्रमाण वाढते. दिवसा चोख चालणारा बोर्ड रात्री आठ-नऊला अडखळत असेल, तर तो उघडण्याआधी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहणे शहाणपणाचे ठरते.

जुने स्थान

ग्रहण तुटल्यावर ट्रॅकर गप्प बसला तर निदान ते कळते. काही प्रणाली मात्र शेवटचे ज्ञात स्थान पुन्हा पुन्हा पाठवत राहतात. डोंगरातून उतरणारा माणूस दरीत शिरला आणि उपग्रह दिसेनासे झाले, तरी सोबत्यांच्या नकाशावर तो कड्यावरच उभा दिसतो आणि शोध घेणारे त्या कड्याकडे चालू लागतात. एनएमईएच्या आरएमसी ओळीतील स्थितिदर्शक अक्षर ‘ए’ असेल तर स्थान ग्राह्य असते, ‘व्ही’ असेल तर नसते. जीजीए ओळीतील गुणवत्तेचा अंक शून्य असणे याचाही अर्थ तोच. स्थान पाठवताना ही खूण आणि स्थान नोंदल्याची वेळ सोबत जाते किंवा नाही, हे बोर्ड खिशात टाकण्यापूर्वी एकदा मुद्दाम अँटेना काढून तपासता येते: दुसऱ्या बोर्डवर दिसणारी वेळ थांबली पाहिजे, किंवा स्थान जुने असल्याची नोंद तेथे उमटली पाहिजे.